खिडकीपासून रेवसच्या गाळापर्यंत

विमानतळावर एकतीस वर्षं नोकरी केली असं सांगितलं की माणसं आधी विचारतात, "मग कुठकुठं फिरलात?" मी खरं ते सांगतो: सहारपासून जोगेश्वरीपर्यंत, तेही बसने. विमानात मी आजतागायत बसलेलो नाही. आत शिरताना डोकं वाकवावं लागतं की नाही, एवढंही मला माहीत नाही. माझा संबंध विमानातून उतरलेल्या माणसाशी. सामानाची ढकलगाडी लोटत, उन्हाला डोळे बारीक करत तो बाहेर येतो आणि आता घरी कसं जायचं हा प्रश्न त्याला पडतो, तिथं मी बसायचो. प्रीपेड टॅक्सीच्या तीन खिडक्यांपैकी शेवटची माझी. नाकावर चष्मा, कानावर पेन आणि समोर कुणी नसलं तरी फार कामात असल्याचा चेहरा. तुम्ही त्या काळात त्या दारातून बाहेर पडला असाल तर माझ्याशी एकदा तरी भांडला असाल.

काम अगदी साधं. प्रवासी कुठं जायचं ते सांगतो, आपण भिंतीवरच्या तक्त्यात बघायचं, सामानाचे नग मोजायचे, पैसे घ्यायचे आणि टॅक्सीचा नंबर लिहून चिठ्ठी द्यायची. ही चिठ्ठी घरी उतरल्यावरच ड्रायव्हरला द्यायची, आधी नाही, हे बजावायचं. बाहेर टॅक्सीवाले रांगेत असतात. चार-चार तास तिष्ठत बसतात, की आपला नंबर लागला की कुलाब्याचं नाहीतर वाशीचं भाडं मिळेल. नंबर लागतो आणि मिळतं मरोळ. दहा मिनिटांचा रस्ता, आणि परत रांगेच्या शेपटाला. चिठ्ठी लिहिणारा मी, त्यामुळे त्या मरोळचा दोष माझा. रामबली नावाचा एक जौनपूरचा ड्रायव्हर होता. त्याला का कोण जाणे, नेहमी मरोळच लागायचं. तो खिडकीशी येऊन हात जोडायचा, "साहब, रिटायर होने से पहले एक बार तो लंबा भाड़ा दे दो." मी म्हणायचो, नशिबाचा खेळ आहे रामबली. तो म्हणायचा, "नशीब नहीं साहब, आप हो."

प्रवाशांची जात एकच, प्रश्न एकच. टॅक्सी घेऊ, रिक्षा घेऊ, बसने जाऊ, की मोबाइलवर गाडी बोलावू? शेवटी सगळे काचेला नाक लावून विचारतात, "तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" मी एकतीस वर्षं एकच उत्तर दिलं: "डोळे मिटून टॅक्सी." एकदा एका गृहस्थांना असंच सांगितलं. ते हसले, थँक्यू म्हणाले आणि निघून गेले. अर्ध्या तासानं माझी पाळी संपली, मी डब्याची पिशवी घेऊन बाहेरच्या बसथांब्यावर गेलो, तर गृहस्थ रांगेत माझ्या पुढं. वळून म्हणाले, "काय साहेब, टॅक्सी मिळाली नाही वाटतं?" त्या दिवशी मी पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेलो.

एक जोडपं तर मी विसरणार नाही. दोघंही पन्नाशीचे, ठाण्याचे, बहुधा कॉलेजात शिकवणारे. बाई म्हणत होत्या टॅक्सी, साहेब म्हणत होते रेल्वे. पंधरा मिनिटं माझ्या खिडकीसमोर वाद. शेवटी साहेब एकटे, हात हलवत, रेल्वेने गेले आणि बाई पाच बॅगा घेऊन टॅक्सीने. बघू कोण आधी पोचतं! वर्षभरानं तेच साहेब पुन्हा खिडकीशी आले आणि निमूटपणे म्हणाले, "ठाणे, टॅक्सी." मी न राहवून विचारलं, मागच्या वेळी कोण जिंकलं? म्हणाले, "मीच. चाळीस मिनिटं आधी पोचलो. घराची चावी तिच्या पर्समध्ये होती." मग ते जिन्यावर बसून राहिले होते. मी पुढं कित्येकांना हा किस्सा सांगून हसवलं. आपल्यासाठीही असाच एक जिना कुठंतरी तयार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता माझ्या खऱ्या गर्वाकडे येतो. मी मूळचा अलिबाग तालुक्यातला, रेवसपासून आत भातशेतीच्या पट्ट्यात आमची वाडी. आखाती देशांत कामाला गेलेली आमच्याकडची बरीच माणसं. एके दिवशी थळची एक म्हातारी लेकीकडून मस्कतहून परत आली. अंगावर काष्ट्याचं लुगडं, डोक्यावर मोठं बोचकं, चालणं असं की पोलीससुद्धा बाजूला झाले. माझं बोलणं ऐकून काचेवर टकटक करून म्हणाली, "तू आपल्याकडचा न्हाय का रं?" मी म्हटलं, व्हय आजी. "मंग मना खरा सांग. मी कशी जाऊ?"

तेव्हा पहिल्यांदा मी टॅक्सी असं उत्तर दिलं नाही. म्हणजे दिलं, पण भाऊच्या धक्क्यापर्यंतच. तिथून लाँचनं रेवस, रेवसहून एसटी. पनवेल-पेण-वडखळ असा खाडीला वळसा घालून रस्त्यानं जायचं तर अख्खी दुपार गेली, त्यात वडखळच्या नाक्यावर गाड्या तुंबलेल्या. समुद्रातून सव्वा तास. म्हातारी वेळेत घरी पोचली आणि तिनं सगळ्या थळभर माझं नाव केलं. त्यानंतर आपल्याकडचा कुणीही विमानातून उतरला की थेट तिसरी खिडकी गाठायचा. गावात मला 'दामूकाका विमानवाले' म्हणू लागले. एकदाही विमानात न बसता ही पदवी मिळवणारा मी तालुक्यात एकटाच असेन.

रेवसला एक अडचण आहे. तिथल्या खाडीत गाळ फार. ओहोटीला पाणी इतकं उतरतं की लाँच धक्क्याला लागत नाही. म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटी बघावी लागते, आणि त्याला आमच्याकडे मोबाइल लागत नाही, तिथी लागते. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पुरती भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. हा हिशेब मला वडिलांनी शिकवला. मी खिडकीत पंचांग टांगून ठेवलं होतं. विमानतळावर पंचांग बघून प्रवाशाला वाट सांगणारा कारकून म्हणून सहकारी माझी यथेच्छ टिंगल करत. मला ती कौतुकासारखी गोड वाटायची.

निवृत्त झालो आणि वाडीवर राहायला आलो. मतदार यादीतलं नावही गावी आणलं. माझी बायको कुसुम कधी मुंबईत रमली नाही. सासूसासऱ्यांचं, शेताचं तिनंच पाहिलं. मी सुट्टीला येणारा पाहुणा होतो. त्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, आमचा प्रभाग बायकांसाठी राखीव झाला आणि कुसुमनं अर्ज भरला. मला तिनं भरल्यावर सांगितलं.

तिचं मागणं एकच होतं: एसटी वाडीत आली पाहिजे. फाटा वाडीपासून दीड किलोमीटर, मध्ये खडीचा कच्चा रस्ता. आदल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या वहिनींना सकाळी चुलीपुढं पक्षाघाताचा झटका आला. रिक्षा चिखलात येईना. कुसुमनं त्यांना खुर्चीत बसवलं, चार जणांनी खुर्ची खांद्यावर घेतली आणि फाट्यापर्यंत चालत नेली. अलिबागला डॉक्टर म्हणाले, तासभर आधी पोचल्या असत्या तर हात वाचला असता. वहिनींचा उजवा हात तेव्हापासून मांडीवर पडून असतो. रस्ता झाला, एसटी आत आली, तर पुन्हा कुणाला खुर्चीतून न्यावं लागणार नाही, एवढंच कुसुमचं म्हणणं. घरोघरी जाऊन ती हेच सांगायची. त्यावर तिला दुसरं भाषण येत नव्हतं आणि गरजही नव्हती.

वहिनींचा मुलगा संदीप मस्कतला एका हॉटेलच्या भटारखान्यात आहे. त्यानं फोन केला, "काकी, मी सुट्टी काढून येतू. आयेच्या हातासाठी एक मत तरी माझा पायजे." नेमकं मतदानाच्याच दिवशीचं तिकीट मिळालं. विमान सकाळी अकराला उतरणार, मतदान साडेपाचपर्यंत.

प्रभागात मतं जेमतेम तीनशे. मुंबईत कामाला असलेले आमचे एकोणीस मतदार होते. त्यांच्या वाहतुकीचं खातं मी मागून घेतलं. कुसुमनं ते दिलं नाही. तिनं एक टेम्पो ठरवला आणि आदल्या संध्याकाळीच सगळ्यांना आणून वाडीत जेवायला घातलं. माझ्या वाट्याला उरला एकटा संदीप. मी म्हटलं, त्याला आणायला मी स्वतः जातो.

कुसुम म्हणाली, "कशाला? तो एकटा मस्कतला गेला, एकटा वाडीवर न्हाय येणार?"

"मुंबईचा विमानतळ म्हणजे मस्कत नव्हे."

"तुमचं पन मत हाय इथं. विसरू नका."

"तीन-साडेतीनला दोघं तुझ्यासमोर उभे असू."

"मंग रस्त्यानं या," ती म्हणाली. "वडखळला अर्धा तास गेला तरी चालंल. पन रस्त्यानं या." मी हो म्हटलं. त्या हो म्हणण्यात काही दम नव्हता, हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

विमान अर्धा तास उशिरा आलं. संदीप बाराला बाहेर आला, दोन मोठे खोके आणि एक बॅग घेऊन. तिथून तडक निघालो असतो तर ही गोष्टच झाली नसती. पण मी त्याला माझी खिडकी दाखवायला नेलं. आत बसलेल्या नव्या पोरीला सांगितलं, ही माझी जागा. जुन्या लोकांना हाका मारल्या. संदीपला खिडकीशी उभं करून त्याच्याच मोबाइलवर माझा फोटो काढायला लावला. तो बिचारा घड्याळाकडे बघत हसत होता. यात पाऊण तासाला थोडा कमी वेळ गेला. पाऊण तासच गेला म्हणा.

रांगेत बघतो तर पहिला नंबर रामबलीचा. मी त्याला गाव सांगितलं, मतदानाचं सांगितलं. त्याचा चेहरा खुलला. "साहब, बैठो. पनवेल, पेण होके सीधा गाँव छोड़ता हूँ. चार बजे तक पहुँचा दूँगा, ज़बान देता हूँ." वीस वर्षं ज्या लांबच्या भाड्याची तो वाट बघत होता ते त्याच्यासमोर उभं होतं. माझ्यासमोरही कुसुमनं सांगितलेला रस्ताच उभा होता. मी मनात बोटं मोजली. चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. साडेदहाला भरती, म्हणजे ओहोटी पावणेपाचला. लाँच पावणेदोनची. ओहोटीला अजून तीन तास! समुद्रमार्गे साडेतीन, रस्त्यानं चार. संदीप म्हणाला, "काका, मांडव्याची बोट घेऊ का? तिथं खोल पानी हाय." मी उडवून लावलं. मांडवा म्हणजे शनिवार-रविवारच्या बंगलेवाल्यांची वाट. आपण रेवसची माणसं, आपल्या धक्क्यावर उतरायचं. आणि रामबलीला सांगितलं, "भाऊचा धक्का."

त्यानं खोके डिकीत ठेवले. गाडी चालू केली आणि स्वतःशीच म्हणाला, "चलो, मरोळ से तो आगे है."

धक्क्यावर पोचलो तर पावणेदोन वाजून गेलेले आणि लाँचचा दोर सोडायला घेतलेला. मी पुढं धावलो. तांडेल म्हणजे लाँच चालवणारा, आमच्या बाजूच्याच गावचा. त्याच्या बापालाही मी कधीतरी टॅक्सी करून दिली होती. "थांब रं, थांब! पुतण्या येतोय, सामान हाय!" संदीप दोन हमालांबरोबर खोके घेऊन जिन्यावरून उतरत होता. तांडेल पाण्याकडे बघत म्हणाला, "काका, पानी उतरतंय. निघाया पायजे."

मी त्याला, ज्याचं आयुष्य त्या पाण्यावर गेलं त्याला, पाऊणपट शिकवली. "चतुर्दशी हाय. ओहोटी पावणेपाचला. अजून भरपूर वेळ हाय." धक्क्याखाली पाणी खोल, निळसर, लाटा थडाथड. कुणालाही वाटावं, कुठं उतरतंय? वयाला मान देऊन त्यानं दोर पुन्हा बांधला. दुसरा खोका लाँचवर यायला, तो नीट लावायला, हमालांशी घासाघीस करायला वेळ गेला. मी थांबवलेली लाँच सव्वादोनला सुटली.

रेवसचा धक्का दिसू लागला तेव्हा साडेतीन झाले होते. धक्क्यावर आमच्या वाडीचा गणू आपली सहाआसनी रिक्षा चालू ठेवून उभा होता, मी त्याला हात केला, त्यानं मला केला. आणि लाँच थांबली. म्हणजे इंजिन चालू होतं, मागं काळं पाणी घुसळत होतं, पण आम्ही जागचे हलत नव्हतो. तांडेलनं इंजिन मागे घेतलं, पुढे घेतलं, मग बंद केलं.

"बसा आता," तो म्हणाला.

"अरे, ओहोटी पावणेपाचला ना?"

"ओहोटी पावणेपाचला संपते हो काका. पानी काय तवर थांबतंय व्हय तुमच्यासाठी? गाळ आत्ताच वर आला. आता पानी जेवढा उतरलं तेवढा परत चढाया पायजे. सहा वाजतील."

तेव्हा मला कळलं. मी हिशेब केला होता भाऊच्या धक्क्यावर, निघायच्या वेळेचा. निघताना पाणी आहे का, एवढंच बघितलं होतं. रेवसला पोचताना पाणी असेल का, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. आमच्या वडिलांनी तो हिशेब पोचण्यासाठी शिकवला होता. मी एकतीस वर्षं खिडकीत बसून त्याचा निघण्याचा हिशेब करून टाकला.

लाँचमध्ये तीसेक माणसं. भाजीच्या पाट्या घेऊन दादरहून परतणाऱ्या दोन बायका, एक मास्तर, एक नवं लग्न झालेलं जोडपं. निघताना मी त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पाऊणपट समजावली होती. आता सगळे माझ्याकडे बघत होते. भाजीवालीनं एक कोबी उशाला घेतला आणि मास्तरांना म्हणाली, "यानंच थांबवली लाँच. मना म्हाईत हाय."

कुसुमचा फोन आला. "तुमी कुठं हाव?"

"रेवसला." खोटं नव्हतं. धक्का समोर दिसत होता.

"मंग या की लवकर. रांग न्हाय आता."

"येतो." हे मात्र खोटं होतं.

संदीपनं बूट काढले, पँट गुडघ्यावर दुमडली आणि तांडेल ओरडेपर्यंत कठड्यावरून खाली उतरला. पहिल्या पावलाला गुडघा गेला, दुसऱ्याला मांडी. तिसरं पाऊल त्याला उचलताच येईना. दोर टाकून चौघांनी ओढून काढला तेव्हा मस्कतहून आणलेली नवी कोरी पँट कमरेपर्यंत काळी झाली होती. तो धापा टाकत बाकावर बसला. मला वाटलं आता मला बोलेल. तो धक्क्याकडे बघत म्हणाला, "काका, माझ्या आयेनं डाव्या हातानं बटन दाबलं असंल नाय?" मी मान वळवली. मला रडू येत होतं आणि रडायला लाँचवर जागा नव्हती.

पाच वाजता कुसुमचा पुन्हा फोन आला. या वेळी मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. पडू नका पान्यात," आणि फोन ठेवला. साडेपाच वाजले ते लाँचवरच्या सगळ्यांच्या मोबाइलवर वाजले. धक्क्यावर गणूनं इतक्या वेळानं रिक्षा बंद केली. तो आवाज बंद झालेला इथपर्यंत ऐकू आला. ऊन कनकेश्वराच्या डोंगरामागं गेलं. सहाला लाँच हळूच डुलली आणि आपोआप वर आली, जणू काही झालंच नव्हतं.

धक्क्यावर पाय ठेवतो तर रामबलीचा फोन. "साहब, पहुँच गये?" मी म्हटलं, हो, पोचलो. तो म्हणाला, बरं झालं, मला काळजी लागली होती. दिवसभरात हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस, आणि ज्याला मी आयुष्यभर मरोळ दिलं तोच.

घरी कुसुमनं दोन ताटं झाकून ठेवली होती. संदीपच्या पँटकडे बघितलं आणि बंबात पाणी तापवायला गेली.  मतमोजणी एक दिवस सोडून अलिबागला होती. मधला अख्खा दिवस मी देवघरासमोर बसून एकच मागणं मागितलं: देवा, निवडून येऊ दे, नाहीतर चांगली वीस-पंचवीस मतांनी पडू दे. म्हणजे माझी दोन मतं कुणाच्या लक्षात राहणार नाहीत. नवऱ्यानं बायकोच्या पराभवाची अशी आकडेवारी मागणं बरं दिसत नाही, पण मागितली.

ती एका मतानं पडली. फेरमोजणी झाली, तरी एकच. आम्ही दोघं पोचलो असतो तर ती एका मतानं निवडून आली असती. हा हिशेब मला कुणी सांगायची गरज नव्हती, तरी गावातल्या प्रत्येकानं सांगितला. परत येताना रिक्षात कुसुम सगळा वेळ बाहेर बघत होती. फाट्यावर उतरल्यावर, त्या खडीच्या रस्त्यानं चालता चालता म्हणाली, "एकतीस वर्षं तुमी मानसांना गाडीत बसवलंत. पोचली का, ते कुनाला एकदा तरी विचारलंत?"

 खरंच विचारलं नव्हतं. चिठ्ठी फाडली की माणूस माझ्यापुरता संपायचा. हजारो माणसं त्या खिडकीसमोरून गेली, त्यातलं कोण कुठं पोचलं मला ठाऊक नाही. थळच्या आजीचं कळलं ते तिनंच गावभर सांगितलं म्हणून, आणि ठाण्याच्या त्या साहेबांना विचारलं तेही ते पुन्हा टॅक्सीसाठी समोर आले म्हणून. त्या दीड किलोमीटरमध्ये मला माझ्या नोकरीची जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती.

कुसुम मात्र हात बांधून बसणाऱ्यातली नाही. निवडून आलेली सुरेखा पेढे घेऊन पाया पडायला आली, तेव्हा कुसुमनं तिला रस्त्याचे सगळे कागद काढून दिले. "आता तू सदस्य हास. हे तू कर." आणि माझ्याकडे बोट दाखवून, "यांना घेऊन जा डेपोत. वाहतुकीतलं कळतं म्हनतात." पुढची दोन वर्षं मी सुरेखाच्या मागं फायली घेऊन फिरलो. आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या या बाजूला उभा राहिलो. आतला माणूस चष्मा, कानावर पेन, समोर कुणी नसलं तरी कामात. मला बघून म्हणायचा, "पुढच्या खिडकीवर." मी बरोबर ओळखला त्याला.

रस्ता झाला. एसटी आता वाडीत येते, सकाळी एक, संध्याकाळी एक. थांब्यावर पत्र्याची शेड आहे, तिच्यावर पाटी आहे: सदस्या सुरेखाताई यांच्या अथक प्रयत्नांतून. वहिनींना तपासणीला अलिबागला न्यायचं असलं की कुसुम त्यांचा उजवा हात आपल्या मांडीवर घेऊन त्याच पाटीखाली एसटीची वाट बघत बसते. पाटी तिनं कधी वाचल्याचं मी पाहिलेलं नाही. मी रोज वाचतो. तिथं कुसुमचं नाव असायला हवं होतं, आणि ते का नाही हे सगळ्यांपेक्षा नीट मला आणि रेवसच्या गाळाला ठाऊक आहे.

आता पुन्हा निवडणूक आली आहे. मधल्या काळात बरंच बदललं. समुद्रावर लांबलचक पूल झाला, दुसरा विमानतळसुद्धा आमच्याच जिल्ह्यात, उलव्याला आला. इतका जवळ की मला पुन्हा कंठ फुटला. कुठल्या विमानतळावर उतरलं तर पूल बरा, कुठल्या वेळी पेणचा रस्ता बरा, याचा एक मोठा तक्ता मी वहीत करून ठेवला आहे. कुणी विचारत नाही.

गेल्या आठवड्यात संदीपचा फोन आला. "काका, काकी उभी ऱ्हातेय ना? मी तिकीट काढतू. कसा येऊ?"

वही हाताशीच होती. मी ती उघडली. मग मिटली आणि म्हटलं, "काकीला विचार."

कुसुमनं ओल्या हातानं फोन घेतला. "आदल्या दिवशी ये," ती म्हणाली. "रामबलीभाऊंशी माझं बोलनं झालंय. त्ये गाडी घेऊन उभं ऱ्हातील, दारात सोडतील." संदीप पलीकडून काहीतरी विचारत होता. तिनं माझ्याकडे बघितलं.

"काका? काका न्हाय येनार तुला आनायला. त्यांचं मत मी सकाळी साडेसातला पयलं घेनार हाय."